मेडिसिनच्या शिक्षकाला वॉर्डात राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, याची बातमी आपल्या अंकात अधूनमधून येते. ती यायलाच हवी. मी नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. माझी सगळी नोकरी त्या खाटांमध्ये गेली, आणि तिथून आणखी एक गोष्ट दिसते जी बातमीत येत नाही. ज्या जागा भरलेल्या आहेत, त्यांवरची माणसंही वॉर्डात दिसेनाशी होत चालली आहेत. ती कामचुकार नाहीत. त्यांना वॉर्डाबाहेर ओढणारी कामं वाढली, आणि खाटेशी उभं राहून शिकवण्याला त्यांच्या नोकरीच्या हिशेबात काही किंमत उरली नाही. त्याबद्दल लिहायचं आहे. पत्र लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा.

मेडिसिन म्हणजे काय, हे पुष्कळांना नीटसं ठाऊक नसतं. हाड मोडलं तर ऑर्थो, अपेंडिक्स असलं तर सर्जरी, बाळंतपण असलं तर गायनॅक, एवढं कळतं. उरलेलं सगळं मेडिसिनकडे येतं. ताप उतरत नाही, दम लागतो, पाय सुजलेत, साखर चढली, अर्धं अंग लुळं पडलं, फवारणीचं औषध पोटात गेलं, साप चावला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ इथून तर लोक येतातच, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहूनही येतात. खाटा भरल्या की खाली गादी टाकायची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की उष्माघात, पाऊस पडला की साप आणि मलेरिया, पोळ्याच्या आगेमागे कपाशीवरच्या फवारणीची विषबाधा. आमच्या वॉर्डाचं वर्ष असं ऋतूवर चालायचं. सर्जनने काय केलं ते टाक्यांवरून दिसतं. फिजिशियनने काय केलं ते रुग्ण घरी गेल्यावर कुणालाच दिसत नाही, खुद्द रुग्णालाही नाही.

ज्या सरांमुळे मी हे लिहायला बसले त्यांचं नाव देत नाही. त्यांनी कधी सत्काराचा हार गळ्यात घालून घेतला नाही, आणि आता निवृत्तीनंतर पेपरात नाव आलेलं त्यांना मुळीच आवडणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका धानाच्या गावातून ते आले. एमबीबीएस नागपुरातच केलं, एमडीही इथेच. तेव्हा पदवी नागपूर विद्यापीठाची मिळायची. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली निघालं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पहिल्या वर्षाचे रेसिडेंट होते, म्हणजे एमडी शिकता शिकता वॉर्ड सांभाळणारे डॉक्टर. रक्ताचा नमुना वॉर्डबॉय मामांच्या हाती दिला तर सकाळपर्यंत ट्रेमध्येच राहील, या काळजीने स्वतः लॅबपर्यंत चालत जाणारे. रिपोर्ट घेऊनच परत यायचे, आणि तो रात्रीच्या सिस्टरलाही वाचून दाखवायचे.

मग ते लेक्चरर झाले. १२० दिवसांची अस्थायी ऑर्डर. ती संपली की सेवेत खंड, मग पुन्हा नवी ऑर्डर. घरी दोन मुलं, आणि पुढच्या ऑर्डरवर सही कधी होईल याचा पत्ता नाही. त्यांच्या बरोबरीच्या बहुतेकांनी धंतोलीत, रामदासपेठेत दवाखाने टाकले. त्यात काही वावगं नाही, तिथेही माणसं बरी होतातच. सरांनाही दोन-तीन ठिकाणांहून बोलावणं होतं, हे मला त्यांच्या मिसेसकडून कळलं. ते गेले नाहीत. पुढे लोकसेवा आयोगातून कायम झाले, खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता घेत राहिले आणि क्वार्टरमध्येच मुलं मोठी केली. असोसिएट झाले, उशिरा प्रोफेसर झाले. कागदावर त्यांचं करिअर एवढंच आहे, चार ओळींचं.

आता वॉर्डातलं सांगते. त्यांच्या युनिटचा, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांच्या तुकडीचा, खाटोखाटी रुग्ण तपासत फिरायचा राउंड नऊला सुरू व्हायचा आणि पहिला प्रश्न रेसिडेंटला नसायचा, रात्रपाळीच्या सिस्टरला असायचा. ‘सिस्टर, रात्री कोण झोपलं नाही?’ नवीन पोरांना वाटायचं, सर बोलायचं म्हणून बोलतात. पण ज्याच्या हृदयाचा जोर कमी पडतो, त्याला आडवं झालं की दम लागतो, तो रात्रभर उशीला टेकून बसून राहतो. सकाळी डॉक्टरांनी विचारलं की ‘बरं आहे जी’ म्हणतो, कारण साहेबांना त्रास कशाला द्यायचा. हे फक्त रात्रीच्या सिस्टरला माहीत असतं. सरांनी ते विचारलं म्हणून विद्यार्थ्यांनाही विचारायची सवय लागली, आणि आम्हा सिस्टरांनाही रात्री नुसतं टेंपरेचर-पल्स लिहून न थांबता बघायची सवय लागली. शिकवणं त्यांच्याकडून असं आजूबाजूला सगळ्यांपर्यंत पोचत असे.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय मी काय म्हणते ते कळणार नाही. पावसाळ्याचे दिवस होते. कुही तालुक्यातला एक विशीतला मुलगा पहाटे कॅज्युअल्टीतून वर आला. चिठ्ठीवर पोटदुखी आणि उलट्या. रात्रभर जागलेल्या रेसिडेंटने ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन सलाइन लावलं होतं, आणि सकाळी सर्जरीला दाखवायचं ठरलं होतं. राउंड त्या खाटेशी आला. सरांनी पोटाला हात लावला. पोट मऊ होतं, कुठे दाबलं तरी तो कळवळला नाही. मग सर पोट सोडून त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

‘याच्याकडे बघून काय वाटतं?’ त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. एक म्हणाला, झोप झालेली नाही. दुसरा हळूच म्हणाला, घेतलेली असेल सर. सरांनी मुलाला मान न हलवता छताकडे बघायला सांगितलं. पापण्या अर्ध्यावर येऊन थांबल्या.

‘बापू, काल रात्री कुठं निजला होतास?’

‘भुईवरच निजलो होतो जी, वावरातल्या झोपडीत.’ एवढं बोलतानाही आवाज नाकातून येत होता.

‘सिस्टर, एएसव्ही काढा. आणि ॲम्बू बॅग याच्या उशाशी आणून ठेवा. मण्यार चावलाय.’

एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, ॲम्बू बॅग म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. अंगभर शोधलं, दाताची खूण कुठे सापडली नाही. सर तिथेच सगळ्यांना समजावत होते. नाग चावला तर सूज येते, आग होते, माणूस ओरडत उठतो. मण्यार रात्री घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि चावलेलं कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, उलट्या होतात, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडतात. म्हणून पावसाळ्यात पहाटे पोट दुखत आलेल्या माणसाला आधी विचारायचं की खाटेवर झोपला होतास की खाली.

दुपारपर्यंत त्या मुलाचा श्वास थांबला. नळी टाकली. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता, म्हणून विद्यार्थी, इंटर्न आणि रेसिडेंट आळीपाळीने ॲम्बू बॅग दाबत बसले. रात्री एका पोराने डोळ्यात टॉर्च मारला. बाहुल्या हलल्या नाहीत, हातपाय ढिले. ‘गेलाय बहुतेक,’ असं तो खाटेशीच बोलून गेला. सरांनी त्याला व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं की मण्यारीच्या विषाने स्नायू बंद पडतात, शुद्ध हरपत नाही. तो सगळं ऐकतो आहे. रागावले नाहीत. पण त्यानंतर बॅग दाबायला बसणारा प्रत्येक जण आधी त्या मुलाला आपलं नाव सांगायचा, किती वाजले ते सांगायचा, बाहेर आई बसली आहे हे सांगायचा. मुलगा वाचला, चालत घरी गेला. शुद्धीवर असल्याची त्याने खूणही पटवली. आमच्या आया मावशींना त्याने त्यापूर्वी डोळे उघडून पाहिलंच नव्हतं, तरी आवाजावरून ओळखलं, आणि रात्री त्या कुणाशी काय बोलत होत्या तेही सांगितलं.

त्या दिवशी खाटेभोवती जे होते, त्यांतले काही आज ग्रामीण रुग्णालयांत आहेत, एक उमरेडकडे प्रॅक्टिस करतो. पावसाळ्यात पोट दुखत आलेल्याला ते काय विचारत असतील, याची मला खात्री आहे. हे पुस्तकात लिहिलेलं नाही असं नाही, लिहिलेलं आहे. पण वाचलेलं आणि पाहिलेलं यांत जो फरक आहे, तो रात्री तीन वाजता एकट्या डॉक्टरला कळतो.

विषबाधेचंही तसंच. फवारणीच्या औषधाने, ज्याला डॉक्टर ओपी पॉयझनिंग म्हणतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून फेस येतो, छाती पाण्याने भरल्यासारखी घरघरते. त्यावरचा उतारा म्हणून ॲट्रोपीन देत राहायचं, पण किती? कमी पडलं तर रुग्ण स्वतःच्याच स्रावात गुदमरतो. जास्त झालं तर ताप चढतो, बडबड सुरू होते, चादर ओढत राहतो, लघवी अडते. नवीन रेसिडेंट फक्त बाहुल्या बघत. सर हातमोजे काढून रुग्णाच्या काखेत हात घालायचे. काख कोरडी झाली का, छाती मोकळी झाली का, नाडी कुठे आली, आणि मग बाहुल्या. प्रत्येक विद्यार्थ्याला ते काखेत हात घालायला लावत, नाक मुरडलेलं त्यांना चालत नसे. दर १५ मिनिटांनी काय बघायचं याचा तक्ता त्यांनी आमच्यासाठी मराठीत करून भिंतीवर लावून घेतला होता. ज्या रात्री डॉक्टर एक आणि विषबाधेचे रुग्ण चार असत, त्या रात्री तो तक्ता बघून आम्हीच डॉक्टरला वेळेवर हाक मारत असू. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं. आमच्यासारख्या वॉर्डांत ते दरवर्षीचं काम आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दलही लिहायला हवं, कारण हा आपल्या विदर्भाचा आजार आहे. हाडांत कळा येऊन तळमळणारी कोवळी मुलं-मुली वारंवार भरती होतात. ‘हिला इंजेक्शनची सवय लागली आहे’ असं म्हणून पुढे जाणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, हुशार होते तेही. सर अशा वेळी विद्यार्थ्याला स्टूल देऊन त्या खाटेशी बसवत आणि अर्धा तास काही न करता फक्त बघायला सांगत. मग विचारत, आता सांग, हे नाटक आहे का? तपासताना ते एक गोष्ट हमखास दाखवत. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की सिकलसेलच्या मोठ्या माणसाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाळून गेलेली असते, हाताला लागत नाही. आपल्याकडे कित्येकांची लागते. उजवीकडून खालून सुरुवात करून, रुग्णाला श्वास घ्यायला सांगत हात डावीकडे वर न्यायचा, आणि तिची कड बोटांना येऊन टेकते ती ओळखायची. आपल्या माणसांचा आजार आपल्या माणसांच्या पोटावर हात ठेवून शिकायचा, हे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं.

२०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किडा चावून येणाऱ्या तापाची, साथ आली. सर तेव्हा निवृत्त झालेले होते. तापाने फणफणलेली एक बाई आली, डेंगी नाही, मलेरिया नाही. सरांच्या हाताखाली शिकलेल्या एका मॅडमनी मला पडदा ओढायला सांगितला आणि त्या बाईंना पूर्ण तपासलं. किडा चावल्याची छोटी काळी खपली छातीच्या घडीखाली होती. बाईंना स्वतःलाही ठाऊक नव्हती. त्यावरून औषध लगेच सुरू झालं. मॅडम पडद्याबाहेर आल्या आणि सगळ्या इंटर्नना म्हणाल्या, कपड्यावरून तपासलं असतं तर ही सापडली नसती. शब्द त्यांचे, पण बोलण्याची ढब सरांची होती.

सर कधीतरी विल्यम ऑस्लर यांच्याबद्दल सांगत. कॅनडात १८४९ साली जन्मलेले हे फिजिशियन पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकांवरून उठवून रुग्णाच्या खाटेशी आणलं. नंतर ऑक्सफर्डला मोठ्या मानाच्या पदावर गेले, त्यांचा ग्रंथ जगभर वाचला गेला. तरी आपल्या नावापुढे फक्त एवढं राहावं की याने विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं, अशी त्यांची इच्छा होती. सर हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज थोडा बदलायचा. मला ते तेव्हा फार मोठ्या माणसाचं बोलणं वाटायचं. आता वाटतं, सर स्वतःलाच धीर देत असावेत. कारण प्रमोशनच्या यादीत ते मागे राहत होते, आणि त्याचं कारण वॉर्डात घालवलेला वेळ हेच होतं.

आता नियम असा आहे की असिस्टंट प्रोफेसरला असोसिएट व्हायला चार वर्षांचा अनुभव आणि दोन शोधनिबंध लागतात, प्रोफेसर व्हायला आणखी वर्षं आणि आणखी निबंध. शिकवण्याच्या पद्धतीचा एक कोर्स करावा लागतो, संशोधनाचा एक. कोर्स चांगलेच असतील. पण या सगळ्यात, हा माणूस वॉर्डात किती वेळ असतो, त्याच्या हाताखालून गेलेल्या पोरांना पाणथरी लागते का, हे विचारायची जागा कुठे आहे? मी आयुष्यभर पाहिलं की वॉर्डातल्या सिस्टरांना कुठला डॉक्टर शिकवतो आणि कुठला नुसता फिरून जातो हे बरोबर ठाऊक असतं. आम्हाला कुणी कधी विचारलं नाही.

संशोधन नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, म्हणून हा आजार इथे आहे हे जगाला कळलं. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली, तिची मुळं अशा कामात आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, एमबीबीएस झाले, मग कोकणात महाडकडे विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून राहिले, आणि प्राझोसिन या औषधाने ती माणसं वाचतात हे त्यांनी दाखवून दिलं. डॉ. अभय बंग इथेच मेडिसिनचे एमडी झाले, आणि गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळांची काळजी कशी घ्यावी यावरचं त्यांचं काम १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. मेळघाटात बैरागडला राहिलेले डॉ. रवींद्र कोल्हेही नागपुरातच शिकले. यांचं संशोधन आणि सेवा रुग्णाजवळ बसण्यातून आली. बढतीचा अर्ज भरायचा आहे म्हणून घाईने जुळवलेले निबंध वेगळे, आणि ते जुळवायला लागणारा वेळ राउंडमधूनच कापला जातो.

माझी भाची विदर्भातल्याच एका सरकारी महाविद्यालयात मेडिसिनची असिस्टंट प्रोफेसर आहे. मनापासून शिकवणारी मुलगी आहे, म्हणूनच तिचे हाल जास्त. सकाळी मोबाइलला चेहरा दाखवून हजेरी. मग जनआरोग्य योजनेच्या मंजुरीचे कागद, एका समितीची बैठक, वरून मागवलेली माहिती आजच्या आज. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत व्हीआयपी ड्युटी. कुठल्या नव्या महाविद्यालयाची तपासणी असली की तात्पुरत्या बदलीचा आदेश, इथला वॉर्ड रेसिडेंटवर सोडून तिकडे खुर्चीत जाऊन बसायचं. तिचा राउंड होतो, पण चालता चालता. विद्यार्थी मागे फाइल धरून पळतात. २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात रुग्णाशी कसं बोलावं हेही शिकवायचं ठरलं. फार चांगलं ठरलं. पण ते शिकवायला रुग्ण, विद्यार्थी आणि शिक्षक हे तिघं एका खाटेशी निवांत थांबायला हवेत. नाहीतर लॉगबुकात सही होते आणि पोरगं पुढच्या पोस्टिंगला जातं. इंटर्न तर वॉर्डात फिरकेनासेच झाले. ते लायब्ररीत पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवत बसतात. त्यांना तरी दोष काय द्यायचा? त्यांना पीजीची जागा त्या मार्कांवर मिळते, मण्यार ओळखण्यावर मिळत नाही.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं समजणाऱ्यांपैकी मी नाही. रुग्णाला उघडं टाकून त्याच्या डोक्यावरून इंग्रजीत त्याच्या मरणाची चर्चा करणारे प्राध्यापकही मी पाहिले आहेत, आणि चुकलेल्या विद्यार्थ्याला सगळ्यांदेखत रडवणारेही. स्किल लॅबमध्ये पुतळ्यावर छाती दाबायला, सलाइनची सुई टोचायला शिकून आलेली आजची मुलं पहिल्यांदा रुग्णाला हात लावताना कमी चुकतात, हा बदल मी डोळ्यांनी पाहिला. पण पुतळ्याला रात्रीची झोप नसते आणि त्याचं गावही नसतं. सर प्रत्येक केस मांडताना आधी गाव आणि काम विचारायला लावत. काम काय करतो हे विद्यार्थ्याने सांगितलं नाही तर ते पुढचं ऐकूनच घेत नसत.

नागपुरात १९४७ साली मेडिकल निघालं, १९६८ साली मेयो रुग्णालयाला महाविद्यालय जोडलं गेलं, २०१८ साली एम्स आलं. आता जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालयं होत आहेत. गडचिरोलीच्या माणसाला नागपूरपर्यंत यावं लागू नये, यासारखं सुख नाही. पण नवी इमारत आणि खाटा उभ्या करता येतात तसा मेडिसिनचा शिक्षक उभा करता येत नाही. त्याला घडायला एक पूर्ण नोकरी लागते, आणि त्याने दुसऱ्याला घडवायचं तर त्याचे सकाळचे दोन-तीन तास त्याच्याच हातात हवेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्या दिवशी युनिटचा राउंड असतो, त्या दिवशी नऊ ते बारा त्या शिक्षकांना कुठलीही बैठक, व्हिडिओ कॉन्फरन्स किंवा बाहेरची ड्युटी लावू नये, असा लेखी आदेश निघावा. वैद्यकीय शिक्षण खात्याला यासाठी एक रुपयाही खर्च नाही. बढती देताना त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरचं आणि युनिटमधून बाहेर पडलेल्या रेसिडेंटचं मत बंद पाकिटात घ्यावं. तपासणीसाठी शिक्षक उसने नेणं थांबवावं. हे फार जणांनी फार वेळा सांगितलं आहे, मीही सांगते. आणि निवृत्त शिक्षकांना वॉर्डात येऊ द्यावं. सरांनी निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला शिकवायची परवानगी मागितली होती. अर्जाला उत्तर आलं नाही. आजही त्यांचे जुने विद्यार्थी फोनवर एखाद्या रुग्णाबद्दल विचारतात, तेव्हा ते आधी गाव आणि काम विचारतात. असे कितीतरी निवृत्त फिजिशियन नागपुरात घरी बसून आहेत. त्यांना मानधन नको, गाडी नको. एक ओळखपत्र आणि खाटेशी एक स्टूल दिलं तरी ते येतील.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. यापुढे रिकाम्या जागांचे आकडे मागायला जाल तेव्हा अधिष्ठात्यांना आणखी एक आकडा मागा. गेल्या महिन्यात मेडिसिनच्या किती अध्यापकांनी विद्यार्थ्यांसह पूर्ण राउंड घेतला, आणि किती दिवस ते दुसऱ्या कामाला पाठवले गेले होते. तो आकडा कुठल्याच रजिस्टरात नसेल. पण दर महिन्याला विचारत राहिलात तर एक रजिस्टर करावं लागेल.

भाची अजून नोकरीत आहे, म्हणून माझं नाव छापू नये.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
अजनी, नागपूर